बाबा, कॅमेरा मी आणलाय

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाबा, कपाटातली याशिका मॅट आणि मेट्झचा फ्लॅश रविवारी मीच पिशवीत घालून नागपूरला आणला. तुम्ही झोपले होते. उठवलं असतं तर ‘गुड्डीच्या लग्नाचे फोटो मीच काढतो’ म्हणाले असते, आणि तुमच्या तोंडावर मला नाही म्हणता आलं नसतं. म्हणून कागदावर सांगते, फोटो मी काढणार. ठरलं.

रागवू नका. मोतिबिंदूच्या ऑपरेशनला महिना झाला नाही, डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हटलंय. कॅमेरा, ब्रॅकेट, फ्लॅश मिळून दोन किलोच्या घरात जातं, त्यात तुमचा डावा खांदा. कळंबच्या लग्नात काय झालं ते आईला विचारा. तुमचा हात गेला असं मी म्हणत नाही. मांडवात उभे राहिले की तुम्ही जेवायलाही बसत नाही, त्याची भीती वाटते.

फ्लॅश चांगला आहे. वर्षानुवर्षं पडून होता, म्हणून सहा पेन्सिल सेल घालून दोन दिवस नुसता चालू-बंद करत आतला वीज साठवणारा कपॅसिटर जागा केला. तरी पहिला रोल कोरा आला, बाराही फोटो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅशचा खटका एमवर राहिला होता. एम जुन्या बल्बसाठी, त्यात शटर जरा उशिरा उघडतं, तोवर आपला फ्लॅश विझलेला. आपल्यासारख्या फ्लॅशच्या एक्सवर केलं आणि दुसरा रोल लख्ख आला. शटर लेन्समध्येच असल्यामुळे फ्लॅशबरोबर १/५०० सेकंदापर्यंत कुठलाही स्पीड चालतो. कोडॅक गोल्ड २०० फिल्मचा रोल आता आपल्या कॅमेऱ्याच्या १२० मापात मिळतो, २०२२ पासून. फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याची ताकद, १०० च्या फिल्मला ४५, म्हणजे २०० ला ६४. त्याला अंतरानं भागलं की चार मीटरवर लेन्सचं तोंड एफ १६. बाहेरच्या उन्हालाही १/२५० ला तेवढंच लागतं, त्यामुळे मांडवाच्या सावलीत गुड्डीचा चेहरा काळा पडणार नाही. बरोबर ना?

तुमचा डावा हात फ्लॅशच्या दांड्यावर असायचा, फोकसचं चाकही डावीकडेच. म्हणून तुम्ही आधीच चार मीटर लावून ठेवायचे, मला नवरीच्या जागी उभं करायचे आणि पाच पावलं मोजत मागे जायचे. मी डोळे घट्ट मिटून घ्यायची. ‘उघड वं माय, काही नाही होत,’ म्हणायचे तुम्ही.

थेंब वेळेवर घाला. काळा चष्मा लावल्याशिवाय वावरात जायचं नाही. आई, कुरड्या एकटीनं घालत बसू नको, गुडघा धरेल, आणि शुगरची गोळी चुकवू नको. कुलरच्या ताट्या बदलायला शनिवारी माणूस येईल, पैसे दिलेत.

लग्नात मांडवाच्या पहिल्या खांबाजवळ तुमची खुर्ची ठेवणार आहे, पंख्याखाली. चार मीटरला माझी सहा पावलं होतात, बाबा. चुकली तर तिथूनच सांगा.

तुमची,
बेबी