या संकटाला अस्मानी म्हणू नका

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : हवामान बदलाच्या बातम्यांमधील भाषा

उष्णतेची लाट आली की ‘सूर्य कोपला’, अतिवृष्टी झाली की ‘निसर्गाचा रुद्रावतार’ आणि पावसाने पाठ फिरवली की ‘निसर्गाचा लहरीपणा’. आपल्याच नव्हे, तर सगळ्याच वृत्तपत्रांच्या मथळ्यांत हे शब्द मी वर्षानुवर्षे वाचते आहे. त्याबद्दल थोडे सविस्तर लिहावेसे वाटले. पत्र लांबले आहे, पण विषयच तसा आहे.

आपल्या भाषेत संकटांची जुनी वाटणी आहे, अस्मानी आणि सुलतानी. अस्मानी म्हणजे आभाळातून कोसळणारे, ज्याचा जाब कोणाला विचारता येत नाही. सुलतानी म्हणजे माणसाने माणसावर आणलेले. हवामान बदलाने ही वाटणी पुसून टाकली आहे. तो येतो आभाळातून, पण घडला आहे माणसाच्या हातून. तरीही बातम्यांत त्याची नोंद अजून अस्मानीच्याच खात्यावर होते. मी शाळेत तीसेक वर्षे विज्ञान शिकवले. मुलांना कारण आणि परिणाम वेगळे करायला शिकवणे हेच माझे काम होते, म्हणून हे फार खटकते.

‘हवामान तर पूर्वीपासून बदलत आले आहे,’ असे पुष्कळ जण म्हणतात. ते खरेच आहे. पृथ्वीची कक्षा आणि तिच्या आसाचा कल हजारो वर्षांच्या फेऱ्यांनी बदलतो, आसाच्या कलाची एक फेरी सुमारे 41 हजार वर्षांची असते. त्यातूनच हिमयुगे आली आणि गेली. पण वेग पाहा. शेवटचे हिमयुग सरताना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत साधारण 80 भागांनी वाढले आणि त्याला काही हजार वर्षे लागली. तेवढीच वाढ 1980 नंतर जेमतेम चाळीस-बेचाळीस वर्षांत झाली आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे तपासून आठ लाख वर्षांचा हिशोब लागला आहे. त्या साऱ्या काळात हे प्रमाण 300 च्या फारसे वर गेले नव्हते. उद्योगयुगापूर्वी ते 280 च्या आसपास होते. अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी 1958 मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ येथे मोजणी सुरू केली, तेव्हा ते 315 च्या घरात होते. 2024 ची तिथली सरासरी 424 च्या पुढे गेली.

हा वाढीव कार्बन आपणच सोडला कशावरून, हा प्रश्न विद्यार्थी विचारायचे आणि मला तो फार आवडायचा. कारण त्याचे उत्तर एखाद्या तपासासारखे उलगडते. हवेतल्या कार्बनला स्वतःच्या खुणा असतात. सजीवांच्या शरीरात कार्बन-14 हा किरणोत्सारी प्रकार अल्प प्रमाणात असतो आणि मृत्यूनंतर दर 5,730 वर्षांत तो निम्मा होतो. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षे जमिनीखाली राहिल्याने त्यांच्यात तो उरलेलाच नाही. तेव्हा हे इंधन जाळले की कार्बन-14 नसलेला कार्बन हवेत मिसळतो आणि हवेतले त्याचे प्रमाण पातळ होत जाते. हान्स स्यूस यांनी 1950 च्या दशकातच झाडांच्या खोडांतून हे दाखवून दिले. दुसरी खूण कार्बन-13 ची, म्हणजे कार्बनच्या किंचित जड प्रकाराची. वनस्पती हलका कार्बन-12 अधिक पसंत करतात, म्हणून वनस्पतींपासून बनलेल्या इंधनात कार्बन-13 कमी असतो. हवेतला त्याचा वाटाही सतत घटतो आहे. तिसरी खूण प्राणवायूची. जाळायला प्राणवायू लागतो, आणि हवेतला प्राणवायू अगदी किंचित पण मोजता येईल इतका कमी होतो आहे. श्वास घेण्याच्या दृष्टीने त्यात काळजीचे काही नाही, पण पुरावा म्हणून ती घट मोलाची आहे. ही मोजणी कीलिंग यांचे पुत्र राल्फ यांनी उभी केली. ज्वालामुखींकडे बोट दाखवणाऱ्यांसाठी एवढेच, की जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्काही भरत नाही.

आणि सूर्य? कृत्रिम उपग्रह 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून सूर्याची ऊर्जा मोजत आहेत. अकरा वर्षांचे चढउतार सोडले तर तिच्यात वाढ नाही. शिवाय सूर्यच तापला असता, तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळे थर तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतचे तपांबर तापते आहे आणि त्यावरचे स्थितांबर थंड होते आहे. खाली उष्णता अडली की असेच व्हायला हवे, हे स्युकुरो मानाबे यांनी 1967 मध्ये सहकाऱ्यासोबत गणिताने मांडले होते. मोजमापांनी त्याला दुजोरा पुढे मिळाला. 2021 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी. म्हणून ‘सूर्य कोपला’ हा मथळा नुसता अलंकारिक नाही, तो चूक आहे.

हे ज्ञान कालपरवाचेही नाही. 1856 मध्ये युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापते हे नोंदवले. अशा वायूच्या वातावरणाने पृथ्वी अधिक उष्ण होईल, असेही त्यांनी लिहिले. तीन वर्षांनी जॉन टिंडल यांनी कोणता वायू किती उष्णता शोषतो हे मोजायला सुरुवात केली. 1896 मध्ये स्वांते अर्‍हेनियस यांनी हा वायू दुप्पट झाल्यास तापमान किती वाढेल याचा हिशोब कागदावर मांडला. म्हणजे ‘आम्हाला कुठे माहीत होते’ ही सबब सव्वाशे वर्षांपूर्वीच संपली.

कारणांची यादी वाचकांना पाठ असेल. कोळसा, तेल, वायू, जंगलतोड. त्यात एक-दोन गोष्टींची भर घालते, कारण त्यांचा उल्लेख कमी होतो. सिमेंट बनवताना चुनखडी भाजली जाते, तेव्हा भट्टीच्या इंधनातून निघतो तो कार्बन वेगळा आणि खुद्द दगडातून सुटतो तो वेगळा. आणि मिथेन. गुरे, भातशेती, कचऱ्याचे ढीग, तेल-वायूच्या विहिरींतली गळती यांतून तो निघतो. हवेत तो दहा-बारा वर्षेच टिकतो, पण वीस वर्षांच्या हिशोबात वजनावारी कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीएक पट उष्णता अडवतो. उद्योगयुगापूर्वीच्या तुलनेत त्याचे प्रमाण दुपटीहून जास्त झाले आहे. गळत्या बुजवल्या तर त्याचा गुण याच पिढीला दिसेल, एवढी ही बाब हाताशी आहे.

परिणामांबाबत वाचकांचा एक गोंधळ वारंवार दिसतो. तापमानवाढ झाली तर दुष्काळ पडायला हवा, मग पूर कसे येतात? किंवा पूर येतात तर दुष्काळ कसा? दोन्हींचे मूळ एकच आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावते. अशी तहानलेली हवा माती आणि झाडे अधिक वेगाने सुकवते. तीच हवा जेव्हा बरसते, तेव्हा साठवलेले जास्तीचे पाणी थोड्या वेळात ओतते. पावसाचा वर्षाचा आकडा फारसा न बदलताही कोरडे दिवस वाढू शकतात आणि पडणारा पाऊस अधिक झोडपणारा होऊ शकतो. ‘निसर्गाचा लहरीपणा’ म्हणून आपण जे छापतो, त्यामागे असा सरळ नियम असतो.

वाढीव उष्णतेतली नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे. तापलेले पाणी फुगते, त्यात वितळणाऱ्या बर्फाची भर पडते. 1901 ते 2018 या काळात समुद्राची पातळी सरासरी 20 सेंटिमीटरने वाढली. हवेतला कार्बन डायऑक्साइडही समुद्र शोषतो, त्यामुळे पृष्ठभागाच्या पाण्याची आम्लता उद्योगयुगापासून पाव हिश्शाहून अधिक वाढली आहे. ज्यांना कवच बांधायचे असते त्या जीवांना, प्रवाळांना, हे जड जाते.

‘एखाद्या घटनेचा दोष हवामान बदलाला देता येत नाही,’ असे पूर्वी म्हटले जायचे. आता ते तितकेसे खरे राहिलेले नाही. 2003 च्या युरोपातल्या उष्णतेच्या लाटेत हजारो माणसे दगावली. माणसाच्या हस्तक्षेपामुळे तशा लाटेची शक्यता किमान दुप्पट झाली होती, असे संशोधकांनी पुढच्याच वर्षी मांडले. जून 2021 मध्ये कॅनडातल्या लिटन गावी पारा 49.6 अंशांवर गेला आणि दुसऱ्या दिवशी गावाचा बहुतांश भाग आगीत भस्मसात झाला. तापमानवाढ नसती तर अशी लाट येणे जवळजवळ अशक्य होते, असा निष्कर्ष काही दिवसांतच हाती आला. असे अभ्यास आता आठवड्या-दोन आठवड्यांत प्रसिद्ध होतात. बातमी मात्र पाणी ओसरले की संपते आणि कारण छापायचे राहून जाते.

या संकटातला सुलतान कोण, हाही प्रश्न आहे. ‘आपण सगळेच दोषी’ हे वाक्य मला मान्य नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक शास्त्रीय समितीच्या अहवालानुसार, जगातली सर्वाधिक उत्सर्जन करणारी दहा टक्के कुटुंबे घरगुती उपभोगातून होणाऱ्या उत्सर्जनाच्या 34 ते 45 टक्क्यांना कारणीभूत आहेत, तर तळातली निम्मी कुटुंबे 13 ते 15 टक्क्यांना. पहिला फटका या तळातल्यांना बसतो. त्यांना सुलतानाच्या रांगेत उभे करणे अन्यायाचे आहे.

आणखी एक चूक बातम्यांत नेहमी आढळते. ‘उत्सर्जनात अमुक टक्के घट’ असे छापून आले की वाचकाला वाटते, हवेतला कार्बन कमी झाला. तसे होत नाही. जीवाश्म इंधनातून दरवर्षी 37 अब्ज टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. माणसाच्या एकूण उत्सर्जनातला निम्म्याहून थोडा जास्त वाटा जंगले, माती आणि समुद्र शोषतात, उरलेला हवेत साचतो आणि त्यातला बराचसा शेकडो वर्षे तिथेच राहतो. यंदा गेल्या वर्षीपेक्षा कमी कर्ज काढले म्हणून मुद्दल उतरत नाही, ते वाढायचे तेवढे वाढतेच. दिलासा इतकाच, की या वायूचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आले, की त्याच्यामुळे होणारी तापमानवाढ साधारण तिथेच थांबेल, असे अभ्यास सांगतात. किती अंशांवर थांबायचे हे अजून पूर्णपणे हातातून गेलेले नाही.

शेवटी दोन विनंत्या करते. अतिवृष्टी, दुष्काळ, उष्णतेची लाट यांच्या बातम्यांत ‘कोप’, ‘रुद्रावतार’, ‘लहरीपणा’ हे शब्द टाळावेत आणि त्या घटनेचा शास्त्रीय अभ्यास झाला असेल, तर त्याच्या निष्कर्षाच्या दोन ओळी, पंधरवड्याने का होईना, छापाव्यात. दुसरी विनंती अगदी छोटी आहे. आपण रोज एका चौकटीत कमाल आणि किमान तापमान, सूर्योदय आणि सूर्यास्त देता. त्याच चौकटीत महिन्यातून एकदा मौना लोआचा आकडा द्यावा, आणि त्याच्या शेजारी मागच्या वर्षीचा त्याच महिन्याचा.

आपली नम्र,
एक नियमित वाचक
(निवृत्त विज्ञान शिक्षिका)