ज्यांनी मशीन उघडून पाहिलं, त्या भाऊंना

भाऊ,

तुमचं नाव लिहीत नाही. निघताना तुम्हीच म्हणालात, "माह्यं नाव कुठी टाकू नका, काम होतं ते केलं." ते पाळतो. पण आभार मात्र उघडपणे मानायचे आहेत, कारण बाबांचं झोपेतलं श्वासाचं मशीन आमच्याच हयगयीने बिघडलं असा दोष आधी ज्यांनी दिला, त्यांनी तोही चारचौघांत, काउंटरवर, मोठ्या आवाजात दिला होता.

बाबा रात्री लावतात ते सीपॅप मशीन म्हणजे काय हे गावात अजून फार जणांना ठाऊक नाही. झोपेत घशातले स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते. श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त अडला की एक अडथळा धरतात. तासाला असे ५ ते १५ अडथळे म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र आजार. बाबांच्या तपासणीत ४२ निघाले होते. मशीन फक्त हवेचा एक ठरलेला दाब देऊन ती वाट उघडी ठेवतं. तो दाब पाण्याच्या सेंटिमीटरात मोजतात. बहुतेक मशीनमध्ये तो ४ ते २० च्या दरम्यान ठेवता येतो, बाबांना ११ लागतो. त्यात औषध नसतं आणि साठवलेला ऑक्सिजनही नसतो. म्हणूनच ते बंद पडलं की गेल्या महिन्याच्या चांगल्या झोपेच्या भरवशावर राहता येत नाही, आजार लगेच परत येतो.

ते बंद पडलं मृगाच्या तोंडावरच्या वादळात. डीपीवरची, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरची, न्यूट्रलची तार तुटली. न्यूट्रल तुटली की सिंगल फेजच्या घरांत २३० व्होल्टच्या जागी ३०० किंवा ३५० येतात, कधी ४०० च्या जवळही जातात, आणि ज्या फेजवर भार कमी असतो तिथं व्होल्टेज सगळ्यात जास्त चढतं. ज्या फेजवरच्या घरांत रात्री पंखा नाहीतर मशीन एवढंच चालू असतं, त्यांचा नंबर त्यात पहिला लागतो. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असतं. त्याने तरी किती सोसावं?

शहरातल्या ज्या सेवा काउंटरवर मशीन आधी नेलं, तिथं ते उघडलंच नाही. हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी काढली, तिच्या तळाला बसलेला पांढरा थर पाहिला आणि कागदावर लिहिलं: "द्रव आत गेल्याने बिघाड. वापरणाऱ्याची हयगय." दोन मिनिटांचं काम. त्या दोन मिनिटांच्या कागदावर विम्याचा दावा फेटाळला गेला. घरगुती विम्यातल्या विद्युत उपकरणांच्या भागात हे मशीन सीरियल नंबरसकट नोंदवलेलं आहे. (आरोग्य विम्यात घरी वापरायचं मशीन बहुतेक वेळा बसत नाही, हे ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांनी आधीच वाचून ठेवावं.) अशा विम्यात बाहेरच्या कारणाने अचानक झालेलं नुकसान मिळतं. झीज मिळत नाही, हयगय मिळत नाही. म्हणजे सगळा दावा "कारण" या एका रकान्यावर उभा असतो, आणि तोच रकाना त्यांनी न पाहता भरला होता. फोनवर विचारलं की उत्तर एकच, "रिपोर्टमध्ये जे आहे ते आहे."

तुम्ही रिपोर्ट वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणालात, "कागद मंग पाहू. पयले मशीन द्या."

आधी अडॅप्टर. २४ व्होल्ट यायला हवे होते, मीटरवर शून्य. तेवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत, कारण नुसता अडॅप्टर बदलून दिला असता तर आठ दिवसांत पुन्हा तेच झालं असतं. त्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच वॅटचा दुसरा अडॅप्टर लावला. पडदा उजळला, पण टाकीखालची तापणारी पाटी गार राहिली आणि मोटर अर्ध्यातच अडखळली. झटका पुढं बोर्डापर्यंत पोचला होता. मग स्क्रू काढून बोर्ड बाहेर घेतला. विजेच्या वाटेवरचा एक भाग फुगलेला होता, त्याच्या आजूबाजूला तपकिरी डाग होता. तो तुम्ही फोटोत घेतला, शेजारी सीरियल नंबरची पट्टी ठेवून, म्हणजे हा फोटो याच मशीनचा आहे हे कुणी नाकारू नये.

आणि मग ते केलंत, जे आधी कुणाला सुचलं नव्हतं. मोबाइलचा टॉर्च लावून हवेची सगळी वाट पाहिली. मोटरचं तोंड, आतली नळी, टाकीच्या मागचं रबर. बाबांनाही वाकायला लावलं आणि दाखवलंत, "तुमच्या इथचं पानी खारं. जिथं सुकते तिथं पांढरं ठेवते. आत गेलं असतं तं इथं रेघ दिसली असती. आहे का?"

नव्हती.

विदर्भातल्या या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात, खारपाणपट्ट्यात, जन्म गेलेल्या माणसाला हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. दर्यापूरपासून तेल्हारा, संग्रामपूरपर्यंत विहिरीचं पाणी भांड्यावर, नळाच्या तोटीवर, ओल्या भिंतीवर आपली खूण सोडतंच. ज्या क्षारावरून आम्हाला दोषी ठरवलं होतं, त्याच क्षाराला तुम्ही साक्षीला उभं केलंत. टाकीत थर होता हे खरं, पण टाकी हा वेगळा काढायचा भाग. पाणी मोटरीत जातं ते टाकी भरलेली असताना मशीन तिरपं केलं किंवा उचलून नेलं तर. तसं झालेलं नाही, हे आत कोरड्या राहिलेल्या प्लास्टिकने सांगितलं.

रिपोर्टच्या छापील कागदावर तीन रकाने असतात: दोष, कारण, खर्च. ते तुम्ही नीट भरलेत. दोष, अडॅप्टर आणि मुख्य बोर्ड. कारण, बाहेरून आलेला जास्त व्होल्टेजचा झटका. द्रवाच्या खुणा नाहीत. खर्च दुरुस्तीचा वेगळा, नव्या मशीनचा वेगळा, आणि दुरुस्ती का परवडत नाही ते एका ओळीत. इथवर कुठलाही इमानदार कारागीर येईल. पण खाली मोकळी जागा होती. तिथं निळ्या पेनाने तुम्ही लिहिलंत:

"मशीनची निगा चांगली राखलेली आहे. वापरणाऱ्याची किंवा पाणी भरणाऱ्याची हयगय नाही."

पाणी भरणाऱ्याची. हे तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं. विम्याला या शब्दाशी काही घेणंदेणं नव्हतं, दावा त्याच्याशिवायही पास झाला असता. पण तुम्ही मशीन उघडत असताना आई दारात उभी होती आणि तिने एकच प्रश्न विचारला होता, तो पांढरा थर कसा काढायचा असतो. रोज रात्री टाकी तीच भरते. काउंटरवरचा कागद आल्यापासून तिला वाटत होतं की मशीन आपल्या हाताने मेलं. घरातलं कुणीही तिला तसं म्हटलं नव्हतं, पण कागदावर लिहिलेलं होतं ना! तुम्ही तो प्रश्न ऐकला, त्याच्या मागचं ओझं ओळखलं आणि ते उतरवायला कागदच वापरला. तोंडी सांगितलं असतं तर ती समजूत वाटली असती. सहीखाली आलं, म्हणून ते खरं वाटलं.

भाऊ, मदत करणारी माणसं कमी नाहीत. भर पावसात खांबावर चढून न्यूट्रल जोडणारा लाईनमनही त्याच रात्री आला होता, त्याचेही उपकार आहेत. पण समोरच्या माणसाच्या मनावरचा डाग दिसणं आणि तो आपल्या कामाचाच भाग समजणं, हे फार थोड्यांना जमतं. ते कुठल्या अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. पगारात त्याचा वेगळा आकडा नसतो. काउंटरवरच्या लोकांकडे तुमच्यापेक्षा भारी मीटर होता, एसी खोली होती, कंपनीचा शिक्का होता. त्यांना फक्त स्क्रू काढायचा होता, आणि तेवढंही त्यांनी केलं नाही. हा राग अजून गेलेला नाही आणि तो लपवायचाही नाही.

आईच्या प्रश्नाचं उत्तरही तुम्ही दिलंत, ते इतरांच्या उपयोगाचं आहे म्हणून इथं लिहितो. १ भाग पांढरं व्हिनेगर, १० भाग पाणी, टाकीत थोडा वेळ भिजत ठेवायचं, मग साध्या पाण्याने खळखळून धुवायचं. खरवडायचं नाही, चरे पडले की थर लवकर धरतो. भरायला मेडिकलमधलं डिस्टिल्ड पाणी. उकळलेल्या पाण्यातले जंतू मरतात, खारेपणा जात नाही. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतात. एका रात्रीला टाकी साधारण ३५० मिलीची, म्हणजे ५ लिटरचा कॅन चौदा दिवस पुरतो. सकाळी उरलेलं पाणी ओतून टाकायचं, त्यातच रात्री भर घालायची नाही.

जाळीचंही तुम्हीच लक्षात आणून दिलं. मागची पांढरी जाळी धुवायची नसते, बदलायची असते. तूर काढायच्या दिवसांत कुटार उडतं, कापूस घरात साठवलेला असतो, तेव्हा ती पंधरा दिवसांत करडी होते. करडी झाली की तेवढाच दाब द्यायला मोटरीला जास्त जोर लावावा लागतो, आवाज वाढतो आणि लोक समजतात मोटर गेली. मशीन जमिनीवर ठेवायचं नाही, स्टुलावर ठेवायचं, पण उशीच्या पातळीच्या खाली. म्हणजे थंडीत नळीत जमलेलं पाणी मास्ककडे येत नाही. नळीला जुन्या धोतराची खोळ शिवली तरी ते थेंब कमी होतात.

विजेबद्दल तुम्ही बजावलंत ते तर प्रत्येक सीपॅपवाल्या घराने भिंतीवर लिहावं. साधा स्टॅबिलायझर थोडंफार वरखाली सांभाळतो, न्यूट्रल तुटल्यावरचे ३५० व्होल्ट त्याच्या हातचे नाहीत. व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं की लाईन तोडणारा आणि लाईट परत आल्यावर थोडं थांबून जोडणारा व्होल्टेज कटऑफ लागतो. अर्थिंग तपासून घ्यावं. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, नवतप्यात त्यात पाणी टाकावं. इन्व्हर्टर साईन वेव्हचाच घ्यावा, आणि लाईट गेली की पाणी तापवणारा भाग बंद करावा. सगळ्यात जास्त वीज तोच खातो, तो बंद असला तर त्याच बॅटरीवर मशीन कितीतरी जास्त वेळ चालतं.

दाव्याच्या कागदांचं फार लिहीत नाही. तुमचा रिपोर्ट जोडल्यावर फाईल पुन्हा उघडली गेली आणि मशीन बदलून मिळालं, एवढं पुरे. फक्त दोन गोष्टी. बिलावरचा आणि मशीनच्या पोटावरचा सीरियल नंबर अक्षर अन् अक्षर जुळायला हवा, एक आकडा चुकला तरी फाईल मागे येते. आणि दावा संपेपर्यंत जळालेलं मशीन कुणाला देऊ नये, भंगारात तर नाहीच. तपासणारा केव्हाही ते पाहायला मागू शकतो.

मशीन नसलेल्या मधल्या रात्रींसाठीही तुम्ही न विचारता सांगून ठेवलंत: पाठीवर झोपवू नका, कुशीवर झोपवा, खाटेची डोक्याकडची बाजू उचला, झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, ट्रॅक्टर चालवू देऊ नका. आणि दुसऱ्याचं मशीन आणून लावू नका, त्याचा दाब त्याच्यासाठी बांधलेला असतो. हे मशीनची जागा घेत नाही, डॉक्टरांशी बोला, असंही तुम्ही दोनदा म्हणालात.

जाताना एका चिठ्ठीवर जुन्या मशीनमधले सगळे आकडे उतरवून दिलेत. दाब ११. सुरुवात ५ पासून, २० मिनिटांत वर. ओलावा ४. मास्क नाकाचा. "नवीन मशीन आलं की हे डॉक्टरले दाखवून लावून घ्या. कोराच डबा चालू करू नका." नवं मशीन आलं तेव्हा ते आकडे डॉक्टरांनी पाहिले, तेच कायम ठेवले, आणि पहिल्याच रात्री बाबा सहा तास न उठता झोपले.

ती चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. तुमच्या रिपोर्टची झेरॉक्स आईने मागून घेतली. ती तिने पोथीच्या बासनात ठेवली आहे, निळी ओळ वर येईल अशी घडी घालून.

तुरी निघाल्या की डाळ पाठवतो. पैसे घेतले नाहीत तसं डाळीला नाही म्हणू नका.

आपलं,
खारपाणपट्ट्यातलं एक घर