दुर्बिणीतून शस्त्रक्रिया आणि संमतीचा कागद

प्रति,
संपादक,

महोदय,

दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियांबद्दल सध्या बरेच लिहिले जाते. त्यात जखम लहान, दुखणे कमी आणि घरी लवकर सोडतात, एवढ्यावरच बहुधा भर असतो. शस्त्रक्रियागृहात परिचारिका म्हणून माझी नोकरी झाली, त्यामुळे हे फायदे मी जवळून पाहिले आहेत. पोटाचे स्नायू फारसे कापले जात नसल्याने रुग्ण लवकर उठून चालू लागतो, मोकळा श्वास घेतो, आणि पुढे टाक्यांच्या जागी हर्निया होण्याची भीतीही कमी राहते. १९८५ साली जर्मनीत एरिश म्यूए यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले, तेव्हा त्यांच्याच देशातल्या शल्यविशारदांनी ते मानायला नकार दिला होता. आज पित्ताशयातल्या खड्यांसाठी तीच पद्धत पहिली पसंती आहे.

पण छेद लहान म्हणून ऑपरेशनच किरकोळ, असा समज घेऊन माणसे येतात, याची मला काळजी वाटते. पूर्ण भूल द्यावी लागते. पोटात कार्बन डायऑक्साइड भरावा लागतो, आणि हृदय किंवा फुप्फुसे कमजोर असतील तर तो ताण सोसेलच असे नाही. पित्ताशयाला खूप सूज असेल, आतडी चिकटलेली असतील, तर पित्तनलिका नीट ओळखू येत नाही. अशा वेळी पोट उघडणारा डॉक्टर रुग्णाचा जीव जपत असतो. बाहेर मात्र नातेवाईक ‘आम्हाला फसवले’ म्हणून भांडतात. ही शक्यता त्यांना आधी नीट समजावलेलीच नसते.

शिवाय प्रत्येक आजाराला हा मार्ग चांगलाच, असेही नाही. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या टप्प्यातील कर्करोगात गर्भाशय काढताना दुर्बीण वा रोबोट वापरलेल्या स्त्रियांमध्ये आजार उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण पोट उघडून केलेल्यांपेक्षा जास्त आढळले. हा मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

उलट गर्भाशयाच्या, कर्करोग नसलेल्या काही गाठींना रक्तवाहिनीतून नळी घालून त्यांचा रक्तपुरवठा बंद करता येतो. गर्भाशय काढावेच लागते असे नाही. तो उपचार करणारे डॉक्टर वेगळ्या विभागातले, म्हणून कित्येक बायकांच्या कानावर तो पर्याय जातच नाही.

म्हणून संमतीपत्रावर दोन गोष्टी रुग्णाच्या भाषेत, ठळक अक्षरांत असाव्यात: गरज पडल्यास पोट उघडावे लागेल, आणि या आजारावर दुसरे कोणते उपचार आहेत, मग ते त्या रुग्णालयात होत असोत वा नसोत. सही भूल देण्याआधी घाईघाईने न घेता आदल्या दिवशी, घरच्यांसमोर, शंका विचारायला वेळ देऊन घ्यावी.

एक निवृत्त परिचारिका