शेतकरी महिलांचे व्यवहार-शिक्षण हंगामागणिक चालू राहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२३च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला, तेव्हा आमच्या भागातील बचत गटांच्या बैठकांतून एक गोष्ट महिलांच्या मनावर पक्की ठसवली गेली. शेतात पाणी साचले किंवा गारपीट झाली, तर ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवायचे. मोबाइलवर छायाचित्र काढून पूर्वसूचना नोंदवण्यापर्यंत अनेकींची मजल गेली होती. २०२५च्या खरिपात योजना बदलली. शेतकऱ्याला पुन्हा खरीप पिकांसाठी दोन टक्के, रब्बीसाठी दीड टक्का आणि कापूस, कांदा यांसारख्या नगदी पिकांसाठी पाच टक्के हप्ता भरावा लागला, आणि भरपाई केवळ महसूल मंडळाच्या, म्हणजे आसपासच्या अनेक गावांच्या मिळून निघणाऱ्या, सरासरी उत्पादनावर ठरणार असे झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि सोयाबीन पाण्याखाली गेलेल्या कितीतरी जणी जुन्याच नियमाच्या भरवशावर पूर्वसूचना द्यायला धावल्या. त्यांचा यात काहीच दोष नव्हता. शिकवणारे एकदा येऊन गेले होते. नियम बदलल्यावर कोणी आले नाही. आता २०२६च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान विम्यात घेण्याचे केंद्राने जाहीर केले आहे, म्हणजे पुन्हा नवे शिकणे आले.

शेतकरी महिलांसाठी प्रशिक्षणे होत नाहीत असे नाही. परंतु त्यांतील पुष्कळशी पापड-लोणची, शिवणकाम, फार तर गांडूळखत यांवरच थांबतात. शेतीशाळांत कीड ओळखायला शिकवतात, ते उपयोगीच आहे. पण पैसा कुठे बुडतो आणि बुडू नये म्हणून कोणत्या महिन्यात काय ठरवावे, हा विषय बायकांपुढे क्वचितच मांडला जातो. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात २००३ साली खास शेतकरी महिलांसाठी असे वर्ग सुरू झाले, तेव्हा उत्पादन, बाजार, पैसा, कायदा आणि माणसे अशा पाच बाजूंनी जोखमीचा विचार शिकवला गेला. आपल्याकडे म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने २००६पासून ग्रामीण महिलांसाठी व्यवसायशाळा चालवून दाखवली आहे. तेव्हा हे काम आपल्या मातीत जमणार नाही असे कोणी म्हणू नये.

विम्याचेच पाहा. उंबरठा उत्पादन, म्हणजे ज्याच्या खाली गेल्यावरच भरपाई मिळते ती पातळी, काढताना मागील सात वर्षांतील चांगल्या पाच वर्षांची सरासरी धरतात आणि तिला ७० टक्के जोखीमस्तराने गुणतात, एवढे जरी नीट समजले, तरी महसूल मंडळाचे सरासरी उत्पादन त्या आकड्याखाली गेल्याशिवाय आपल्या ओढ्याकाठच्या एकट्या वावराचे नुकसान भरून येणार नाही, हे बाईच्या ध्यानात येते. मग सगळ्या रानात सोयाबीन न करता तुरीचे आंतरपीक घ्यावे, थोडी ज्वारी-मूग घरासाठी राखावा, हा निर्णय ती हिशेबाने घेऊ शकते. लातूर-धाराशिव भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने महिलांनी घरच्यांकडून एकेक एकर मागून घेऊन अशी मिश्र पिके घेतली आहेत, आणि जोखीम वाटून घेण्याचा याहून सोपा धडा मला माहीत नाही.

काढणीनंतरचा प्रश्न अधिक अवघड आहे. २०२५-२६साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, पण खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो, आणि दिवाळीच्या खर्चासाठी माल लगेच विकावा लागतो. बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत माल न विकता गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज वार्षिक सहा टक्के दराने सहा महिन्यांसाठी मिळते. चाळीस हजारांच्या दहा क्विंटल मालावर तीस हजार हाती येतात आणि सहा महिन्यांचे व्याज ९०० रुपये होते. म्हणजे वाहतूक-हमाली सोडून, क्विंटलमागे नव्वद रुपयांहून जास्त भाव वाढला तरच थांबण्यात फायदा; भाव पडला तर तोटा. ही आकडेमोड चौथी शिकलेली बाईही करू शकते, मात्र तिला ती काढणीच्या आधी, सप्टेंबरात, शेजारणींबरोबर बसून करायला मिळाली पाहिजे. मार्चमध्ये सोसायटीच्या पीक कर्जाचे नवे-जुने करताना, म्हणजे जुने फेडून लगेच नवे घेताना, कशावर अंगठा किंवा सही होते आहे, हेही तिला त्याच रीतीने कळायला हवे.

आणि सातबारा. २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार देशातील वहितीखातेदारांत महिला सुमारे १४ टक्के होत्या. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले, पुढे पत्नीच्या नावे जमीन करून देण्याचे लक्ष्मीमुक्तीचे अभियान झाले, १९९२मध्ये शासनानेही पतीच्या हयातीत पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट मोकळी केली. तरीही ती वाट कितीजणींना ठाऊक आहे? शेतकरी ओळख क्रमांक जमिनीच्या नोंदीला जोडला गेल्यापासून, रात्रंदिवस शेतात राबणारी पण सातबारावर नाव नसलेली बाई योजनांच्या दारातच अडते. पतीच्या मागे वारसनोंद आणि फेरफार करायची वेळ येते तेव्हा शिकायला उसंत नसते.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्यानिमित्त शासनाने मेळावे भरवण्यापेक्षा कृषी विज्ञान केंद्रे आणि ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातील ग्रामसंघ (गावातील बचत गटांचे संघ) यांना एकत्र आणून वर्षातून तीन वेळा, म्हणजे पेरणीपूर्वी मे महिन्यात, काढणीपूर्वी सप्टेंबरात आणि कर्जफेडीपूर्वी फेब्रुवारीत, गावातच वर्ग घ्यावेत, अशी माझी विनंती आहे. प्रवेशासाठी सातबारा मागू नये. वर्ग दुपारी खुरपणीच्या वेळी न ठेवता संध्याकाळी ठेवावेत, आणि शिकवणारी व्यक्ती शक्यतो तीच राहावी, कारण पहिल्या वर्गात बायका फारसे विचारत नाहीत. खरे प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत निघतात. तसेच विमा, तारण किंवा कर्जाच्या नियमात बदल झाला, की त्याची सोप्या मराठीतील एक पानी माहिती त्याच आठवड्यात प्रत्येक ग्रामसंघाकडे पोहोचवण्याची जबाबदारी तालुका कृषी कार्यालयावर लेखी सोपवावी.

आपली,
एक शेतकरी वाचक, जि. लातूर