‘शॅडो’वर काट न मारणाऱ्या मॅडमना

मॅडम,

सातवीतल्या एका पोट्ट्याची वही पाहण्यात आली. त्यानं लिहिलं होतं, ‘आय सॅट इन द शॅडो अँड एट माय टिफिन.’ अशा जागी मास्तरांचा लाल पेन आपोआप आडवा फिरतो. तुम्ही काट मारली नाही. वर बारीक अक्षरात ‘शेड’ लिहिलं आणि खाली शॅडोलाही तिचं हक्काचं वाक्य दिलं: ‘माय शॅडो इज लाँग इन द इव्हनिंग.’ बाजूला पेन्सिलीनं एक कडुनिंब, आणि पाय लांबलेली एका पोराची सावली.

त्या एका वाक्यासाठी हे पत्र.

मराठीत दोन्ही सावलीच. वैशाखात वावरातून येऊन जिथं टेकायचं, ती गार जागा म्हणजे शेड. या अर्थानं ती मोजता येत नाही, म्हणून तिच्याआधी ‘अ’ लागत नाही. उजेड अडला की भुईवर उमटते ती आकृती म्हणजे शॅडो. हे दोन्ही शब्द जुन्या इंग्रजीतल्या एकाच शब्दाच्या दोन विभक्तिरूपांतून निघाले. सख्ख्या बहिणींत पोराचा गोंधळ झाला, तर त्यात हसण्यासारखं काय होतं? पण याआधी हसलेच सगळे.

आणि हसणाऱ्यांनी दिलं काय? शब्दार्थांच्या याद्या. बॉरो म्हणजे उसनं, लेंड म्हणजेही उसनं. स्टील म्हणजे चोरणे, रॉब म्हणजेही चोरणे. रोज वीस पाठ करा. शब्दाच्या शेजारी कोण बसतं ते यादीत कुठंच नव्हतं, आणि निवड तर तिथंच ठरते. स्टीलच्या पुढं चोरीला गेलेली वस्तू येते. रॉबच्या पुढं लुटला गेलेला माणूस, नाहीतर बँक. टेलला ऐकणारा लगेच लागतो, ‘टेल मी’. ‘से’ला तो थेट चालत नाही, मध्ये ‘टू’ घालावा लागतो. ‘ही सेड मी’ चुकतं ते यामुळंच. बॉरो घेणाऱ्याच्या बाजूचा, त्याच्याबरोबर फ्रॉम. लेंड देणाऱ्याचा, त्याच्याबरोबर टू. शब्दामागं एक-एक वाक्य दिलं असतं, तरी पोरांची किती वर्षं वाचली असती!

तुम्ही फळ्यावर आधी मराठीच लिहिलं. मडकं फुटतं, काडी मोडते, दोरी तुटते. इंग्रजीत तिन्हींना ब्रेक चालतो. ‘दोरी फुटली’ असं आपल्याकडं तीन वर्षांचं लेकरूही म्हणत नाही. साडी नेसतात, चप्पल घालतात. इंग्रजीत दोन्हीला वेअर. म्हणजे सोबतीवरून शब्द निवडायची अक्कल या पोरांकडं घरचीच आहे, हे तुम्ही त्यांना दाखवलंत. मग विहिरीवरची मोटर ‘स्टार्ट’ होते, ‘बिगिन’ होत नाही, हे त्यांना वेगळं घोकावं लागलं नाही.

बाय आणि परचेस तर अर्ध्या मिनिटात उलगडले. 1066 नंतर इंग्लंडात फ्रेंच बोलणाऱ्यांचं राज्य आलं, त्यांच्या भाषेतून आलेले शब्द दरबारी झाले, जुने घरात राहिले. आपल्याकडं हात आणि हस्त, पाणी आणि जल, तसंच. किराणा बाय करतात, परचेस सरकारी कागदावर शोभतो. शब्दकोशात अर्थाआधी उदाहरणाचं वाक्य वाचा, ही तुमची सवय तर प्रत्येक शाळेत लागावी. दोन्ही शब्द एकाच वाक्यात बसवून पाहायचे. एक अडखळला तर निकाल लागला, दोन्ही बसले तर कोणता घरचा न् कोणता कागदावरचा ते पाहायचं.

समोरच्याचा मान राखून चूक दुरुस्त करणारी माणसं गावात असली की गाव राहण्याजोगं होतं. वाट चुकलेल्याला ती चार पावलं सोबत देतात. तुम्ही एका शब्दालाही तशी सोबत दिलीत, आणि त्या शब्दामागं एक पोरगं उभं होतं.

एक विनंती. पुढच्या सत्रात राईज आणि रेझ घ्याच. आपल्या पोरांना ते सोपे जातील, कारण वाढणे-वाढवणे, पडणे-पाडणे त्यांच्या तोंडात आहेच. कापसाचा भाव आपसूक वाढला तर राईज, सरकारनं हमीभाव वाढवला तर रेझ.

आपला,
इंग्रजीचाच एक मास्तर, यवतमाळ जिल्हा