त्या आलेखाची तारीख मी बदलली होती

ती. आई-बाबांना
सा. न.

फोनवर हे बोलणं माझ्याच्यानं झालं नाही, म्हणून लिहिते आहे. बाबा, पत्र तुम्ही मोठ्यानं वाचाल आणि आई शेजारी बसून ऐकेल, हे मला इथून दिसतंय. मध्येच थांबावंसं वाटलं तरी थांबू नका.

मी नोकरी सोडली त्याला तीन महिने झाले. कामाचा ताण फार होता, असं मी तुम्हाला सांगितलं, ते खरं नव्हतं. आईनं तेव्हा दोनदा विचारलं होतं, "एवढंच ना?" आणि मी दोन्ही वेळा हो म्हटलं.

तू बँकेत नक्की करतेस तरी काय, असं तुम्ही नेहमी विचारायचात आणि मी विषय बदलायचे. आता नीट सांगते. आमचा विभाग एका प्रकारचे रोखे तयार करायचा. मुदत पाच वर्षं, व्याज साध्या ठेवीपेक्षा बरंच जास्त. त्याला तीन मोठ्या कंपन्यांचे शेअर जोडलेले असायचे. मुदत संपताना त्यांतला सगळ्यात जास्त पडलेला शेअर सुरुवातीच्या भावाच्या 60 टक्क्यांच्या वर असेल, तर मुद्दल पूर्ण परत. खाली असेल, तर त्या शेअरची जेवढी घसरण तेवढं मुद्दल गेलं. बाकीचे दोन दुप्पट झाले असले तरी त्याचा उपयोग नाही.

दिसायला ही ठेव. पण खरं पाहिलं तर पैसे गुंतवणारा माणूस बँकेला घसरणीचा विमा विकत असतो आणि जास्तीचं व्याज हा त्या विम्याचा हप्ता. आपण विमा विकतोय हे त्या माणसाला माहीतही नसतं. हप्ता किती असायला हवा याचं गणित आमच्याकडे होतं. त्याहून कमी द्यायचा, उरेल तो आमचा नफा. हा नफा रोखा विकला त्याच दिवशी हिशेबात धरला जायचा आणि त्यावर त्याच वर्षी बोनस मिळायचा. घसरण झालीच तर ती कळणार पाचव्या वर्षी. तोवर रोखा तयार करणारी माणसं दुसऱ्या विभागात, नाहीतर दुसऱ्या बँकेत.

मी माहितीपत्रक तयार करायचे. चौथ्या पानावर एक आलेख असायचा: मागच्या काळात हा रोखा घेतला असता तर काय झालं असतं. एका संध्याकाळी मी काढलेल्या आलेखात रेषा एका ठिकाणी धाडकन 60 च्या खाली गेली होती. आमचे वरिष्ठ माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "सुरुवातीची तारीख दोन वर्षं पुढे घे, चित्र स्वच्छ दिसेल." मी एका रकान्यातला एक आकडा बदलला. तो खड्डा पडद्यावरून गेला. याला दहा सेकंदही लागली नसतील. कायदा विभागानं पान मंजूर केलं, कारण त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. मागची कामगिरी ही पुढची हमी नाही, हे वाक्यही खाली बारीक अक्षरांत होतंच.

आणि ते वरिष्ठ वाईट माणूस नव्हते, आई. माझ्या आजारपणात माझं सगळं काम त्यांनी स्वतः रात्री बसून उरकलं होतं. मला हेच सगळ्यात कठीण जातं. हावरट माणूस समोर आला असता तर मी त्याला ओळखलं असतं. त्या खोलीत कुणीच हावरट दिसत नव्हतं. सगळे मन लावून आपापलं काम करत होते.

नोकरी सोडल्यावर मी 2008 च्या संकटाबद्दल पुष्कळ वाचलं. 2006 या एका वर्षात मूडीज या पतमापन संस्थेनं गृहकर्जांवर आधारलेल्या रोख्यांना दर कामाच्या दिवशी 30 या वेगानं 'ट्रिपल ए', म्हणजे सर्वांत सुरक्षित असा दर्जा दिला. पुढे त्यांतल्या 83 टक्के रोख्यांचा दर्जा उतरवावा लागला. आणि दर्जा देण्याची फी भरत होत्या रोखे विकणाऱ्याच बँका. तीस रोजचे! तिथेही कुणीतरी माझ्यासारखंच एका रकान्यात आकडा भरत असेल आणि वेळेवर घरी जात असेल. सिटीग्रुप या मोठ्या अमेरिकी बँकेचे प्रमुख चक प्रिन्स जुलै 2007 मध्ये म्हणाले होते की, संगीत वाजतंय तोवर उठून नाचावंच लागतं. नोव्हेंबरमध्ये त्यांना पद सोडावं लागलं. त्या वाक्यात मला हावेपेक्षा भीती जास्त ऐकू येते, मागे पडण्याची. ती भीती मला ओळखीची आहे. मी नाही म्हटलं असतं तर तो आलेख शेजारच्या टेबलावरच्या कुणीतरी केला असता, असं मी त्या रात्री स्वतःला सांगितलं होतं.

पूर्वी वॉल स्ट्रीटवरच्या गुंतवणूक बँका भागीदारीत चालायच्या. भागीदाराची स्वतःची पुंजी तिथे वर्षानुवर्षं अडकलेली असायची, धंदा बुडाला तर तीही बुडायची. एकेक करून त्या शेअर बाजारात उतरल्या, म्हणजे बुडणारी पुंजी मुख्यतः बाहेरच्या भागधारकांची झाली. गोल्डमन सॅक्स 1999 मध्ये, मोठ्यांपैकी जवळजवळ शेवटी. ते भागीदार संत होते असं मी म्हणत नाही. पण पाचव्या वर्षी काय होईल, हा प्रश्न त्यांना पडायचा. आमच्या विभागात तो विचारायची कुणाला गरजच नव्हती.

मग त्या पहिल्या रोख्यांची मुदत भरली. तिघांतला एक शेअर 45 वर आला होता. शंभर गुंतवलेल्याला पंचेचाळीस. तक्रारी आल्या, त्यांत एक हातानं लिहिलेलं पत्र होतं. निळी शाई, ओळी किंचित उजवीकडे चढत गेलेल्या, बाबा, अगदी तुमच्यासारख्या. निवृत्त गृहस्थ. त्यांनी माहितीपत्रकाच्या चौथ्या पानाची छायाप्रत जोडली होती. त्या आलेखाखाली पट्टी धरून रेघ ओढली होती आणि लिहिलं होतं, "हे पाहून मी सही केली. यात माझी चूक कुठे झाली ते कृपया कळवावे." राग नव्हता. त्यांना खरोखर स्वतःची चूक शोधायची होती. त्यांना छापील उत्तर गेलं. ते उत्तर मी लिहिलेलं नाही, पण ते ज्या पानाबद्दल विचारत होते ते पान माझं होतं.

आई, तू एकदा बातम्या बघताना म्हणाली होतीस, लोकांनाही हाव असते, म्हणूनच फसतात. मला ते पटत नाही. अमेरिकेत गुंतवणुकीच्या नावाखाली वर्षानुवर्षं लोकांना फसवणाऱ्या बर्नी मॅडॉफकडे लोक दामदुप्पट करायला जात नव्हते. त्याचा परतावा फार मोठा नव्हता, पण कधी चुकत नव्हता. त्याच्या ग्राहकांना काळजी नको होती, एवढंच. उतारवयात ठेवीपेक्षा थोडं जास्त मिळावं असं वाटणं आणि त्या वाटण्याची किंमत काढून त्यातून नफा कापून घेणं, या दोन्हींना एकच शब्द लावायला माझी जीभ वळत नाही.

आता जे सांगायला सगळ्यात जास्त दिवस घेतले ते. बाबा, तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन ज्या पैशांतून झालं, तो त्या वर्षीचा बोनस होता. तुम्हाला वाईट वाटेल हे माहीत आहे. पण उद्या बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. उरलेल्या बोनसला मी हात लावलेला नाही.

मी नियामकांकडे निवेदन देणार आहे. तो आलेख, त्याची मूळ आवृत्ती, तारीख कुणी सांगितली आणि कुणी बदलली, सगळं त्यात आहे. माझं नाव पहिल्याच परिच्छेदात आहे. उपयोग होईलच असं नाही. हॅरी मार्कोपोलोस या आर्थिक विश्लेषकांनी मॅडॉफबद्दल अमेरिकेच्या बाजार नियामकाला 2000 पासून पुन्हा पुन्हा कळवलं होतं, 2005 मध्ये तर सविस्तर टिपणच दिलं होतं. अटक झाली डिसेंबर 2008 मध्ये, तीही मॅडॉफनं आपल्या मुलांजवळ कबुली दिल्यावर. तोपर्यंत ग्राहकांच्या खात्यांवर कागदोपत्री सुमारे 65 अब्ज डॉलर दिसत होते.

निवेदनाचा कच्चा मसुदा सोबत जोडला आहे, चौदा पानं. बाबा, तुम्ही कुठल्याही कागदावर सही करण्यापूर्वी प्रत्येक ओळीखाली बोट धरून वाचता, तसं हे वाचा. जिथे कळणार नाही तिथे पेन्सिलनं खूण करा, म्हणजे तेवढा भाग मी सोपा करून पुन्हा लिहीन. घाई नाही, पण महिनाअखेरीच्या आत मला परत पाठवा.

तुमची
मुलगी