अगेव्ह सिरप ‘रॉ’ म्हणजे नेमके काय?

महोदय,

वेंगुर्ल्यात मी घरगुती अमृत कोकम करते. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडून बिया काढायच्या, सालींच्या वाट्यांत साखर भरून बरणीत थर लावायचे आणि बरणी उन्हात ठेवायची. आठवडाभरात साखर विरघळून लालभडक रस सुटतो. यंदा मात्र मुंबईची गिऱ्हाइके विचारू लागली आहेत, “साखरेऐवजी रॉ अगेव्ह सिरप घालाल का? मधुमेहाला चालते.” म्हणून एक बाटली आणली. दुकानदारानेही ‘चालते’च सांगितले.

अगेव्ह हे आपल्या बांधावरच्या घायपाताचे मेक्सिकोतले भावंड. पाने छाटून मधला अननसासारखा गड्डा काढतात आणि त्याचा रस पिळतात. या रसात मुख्यतः फ्रुक्टान, म्हणजे फ्रुक्टोजच्या लांब साखळ्या असतात. त्या उष्णतेने किंवा एन्झाइमने तोडल्या की खरी गोडी येते. मग रस गाळून आटवतात. ‘रॉ’ म्हणजे हे सगळे साधारण 47-48 अंश सेल्सिअसच्या आत केले, इतकेच. झाडातून निघाला तसा रस बाटलीत भरलेला नसतो.

आपल्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मे निम्मे असते. अगेव्ह सिरपमधल्या साखरेत फ्रुक्टोजच बहुधा 70 टक्क्यांच्या वर भरते. ते मुख्यतः यकृतात जाते, म्हणून रक्तातली साखर लगेच उसळत नाही, हे खरेच आहे. पण तेच जास्त झाले की यकृत त्याची चरबी करते आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढतात. हे मात्र दुकानात कोणी सांगत नाही.

आमच्या मामंजींना जुना मधुमेह. वर्षानुवर्षे बिनसाखरेचा चहा पिणारा हा माणूस ‘चालते’ ऐकून सरबतात दोन-दोन चमचे, तेही दिवसातून तीनदा, घालू लागला. आठवड्यात बाटली निम्मी झाली तेव्हा माझ्या लक्षात आले. साखरेला ते स्वतःहून नको म्हणत. या बाटलीपुढे त्यांचा गोडाचा धाकच गेला. मला याचाच राग आहे.

बाटलीवर एकूण साखर छापली होती, फ्रुक्टोज किती ते नव्हते. तो आकडा ठळक छापणे बंधनकारक व्हावे आणि विक्रेत्यांनी ‘मधुमेहाला चालते’ म्हणणे थांबवावे.

साखर नको म्हणणाऱ्यांना मी आता आगळ, म्हणजे कोकमाचा बिनसाखरेचा खारा रस, देते. पाण्यात घालून जिरेपूड टाकली की झाले. आगळात मीठ असते, म्हणून रक्तदाब असेल त्यांना तेही आधीच सांगते.

– एक गृहउद्योजिका, वेंगुर्ले